विक्रमी पीक, तरी गहू महाग का? जगाच्या धान्याचा ताळेबंद स्वतः मांडायची रीत

2022 च्या फेब्रुवारीत मी वहिनींना एक सल्ला दिला होता. सदाशिव पेठेत त्यांची खानावळ आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं दोन्ही वेळ जेवतात, महिन्याला चार-पाच क्विंटल गहू दळला जातो. केंद्र सरकारचा अंदाज नुकताच छापून आला होता: देशात यंदा 11.13 कोटी टन गहू, आजवरचा विक्रम. मी म्हटलं, "घाई करू नका, माल बक्कळ येतोय, भाव पडणार." त्यांनी वर्षाचा गहू भरला नाही. मार्चमध्ये उत्तरेत उष्णतेची लाट आली, दाणा बारीक पडला, मेमध्ये तोच अंदाज 10.64 कोटींवर आला आणि 13 मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. दिवाळीत लोकवन घेताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तो विक्रम कुठल्या गाळ्यावर मिळतो तेवढं सांगा."

तेव्हापासून मी वही घातली. जागतिक धान्य-अहवाल कोणालाही फुकट वाचता येतात, पण ते वाचायचे कसे हे मराठीत कोणी धड सांगत नाही. बातमीत येतो तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी कामाचा आकडा, म्हणजे एकूण उत्पादन. खानावळ, बेकरी, पिठाची गिरणी, पोल्ट्री किंवा नुसती घरची कोठी सांभाळणाऱ्याने खाली दिलेल्या क्रमाने गेलं तर महिन्याला तासाभरात काम होतं. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि थोडा संशयी स्वभाव पुरतो, आणि दुसऱ्याची पुण्यात कधी टंचाई नव्हती.

पहिली पायरी: वहीत सहा ओळी आखा

प्रत्येक धान्याला वेगळं पान. गहू, तांदूळ, मका. पानावर ओळी अशा: सुरुवातीचा साठा, उत्पादन, आयात, वापर, निर्यात, अखेरचा साठा. पहिल्या तिघांची बेरीज म्हणजे पुरवठा. त्यातून वापर आणि निर्यात गेली की उरतो तो अखेरचा साठा, आणि तोच पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा साठा. दुकानदाराच्या रोजमेळापेक्षा यात अवघड काही नाही. एका देशाचा हिशेब असेल तर सहाही ओळी लागतात. सगळ्या जगाचा मांडताना आयात-निर्यात एकमेकांत जिरते, चारच उरतात.

एककं आधीच ठरवून टाका, नाहीतर डोकं भणभणतं. अहवाल दशलक्ष टनांत बोलतात, सरकार लाख टनांत, शिकागोचा धान्य-वायदेबाजार बुशेल या अमेरिकी मापात आणि मार्केट यार्ड क्विंटलमध्ये. मी सगळं कोटी टनांत आणतो. 10 दशलक्ष म्हणजे 1 कोटी, एवढं लक्षात ठेवलं की झालं. तांदळाचा एक खड्डा मात्र टाळा: काही आकडे भाताचे असतात, काही सडलेल्या, म्हणजे तूस-कोंडा काढलेल्या, तांदळाचे. 100 किलो भातातून साधारण 67 किलो तांदूळ निघतो. अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, आपल्या धान्याच्या एकूण बेरजेत तांदूळ सडलेलाच धरते. दोन्ही प्रकारचे आकडे एका ओळीत बसवून मी एकदा जगात तांदळाचा महापूर आणला होता.

अंदाज यावा म्हणून ढोबळ चित्र: 2025 च्या डिसेंबरमधल्या एफएओच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षीचं जगाचं धान्य-उत्पादन पहिल्यांदाच 300 कोटी टनांच्या घरात गेलं. त्यात गहू 80 कोटींच्या थोडा वर, सडलेला तांदूळ 55 कोटींच्या आसपास, आणि बाकी सगळी भरड धान्यं, ज्यात सिंहाचा वाटा मक्याचा.

दुसरी पायरी: अहवाल कोणते, कधी

तीन पुरेत. चौथा उघडलात की वाचनच होतं, हिशेब होत नाही.

रोमहून एफएओचा धान्य पुरवठा-मागणीचा गोषवारा बहुतेक महिन्यांत पहिल्या शुक्रवारच्या सुमारास येतो, अन्न किंमत निर्देशांकासोबत. या निर्देशांकाचा पाया 2014 ते 2016 ची सरासरी म्हणजे 100. मार्च 2022 मध्ये, युक्रेन युद्ध पेटल्यावर, तो 160 च्या आसपास गेला होता. आजचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठे बसतो ते पाहिलं की जागतिक बाजाराची हवा कळते. मात्र त्यात तेल, साखर, दूध, मांस सगळंच आहे. आपल्याला हवी ती आतली धान्याची ओळ. निर्देशांक वर गेला म्हणून गहू महागला असं समजू नका, कित्येकदा तो उडतो पामतेलामुळे.

दुसरा अहवाल अमेरिकी कृषी खात्याचा, ज्याला व्यापारी 'वास्डे' म्हणतात. महिन्याच्या 8 ते 12 तारखेदरम्यान, वॉशिंग्टनच्या दुपारी बारा वाजता. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. जेवणं आटोपलेली असतात, वेळ उत्तम. देशवार तक्ते इतके नीटनेटके दुसरीकडे मिळत नाहीत. मेमधला अंक नव्या हंगामाचा पहिला अंदाज देतो, म्हणून तो चुकवू नये.

तिसरा 'अमिस'चा, म्हणजे कृषी बाजार माहिती यंत्रणेचा. 2007-08 आणि 2010-11 च्या भाववाढीनंतर जी-20 देशांनी 2011 मध्ये ही यंत्रणा उभी केली. गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन एवढ्याच चार पिकांवर ती बोलते. या अंकात एफएओ, अमेरिकी खातं आणि लंडनची आंतरराष्ट्रीय धान्य परिषद, तिघांचे आकडे शेजारी-शेजारी छापतात. तिघं एकाच पिकाबद्दल वेगळं बोलतात तेव्हा समजायचं की तिथे खरंच धूसर आहे. नकाशे पण यातच असतात: कुठे पीक चांगलं, कुठे कोरडं, कुठे ओलं.

तिसरी पायरी: वर्ष कुठलं ते विचारा

'2025-26' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळा आहे. जागतिक गव्हाचा व्यापार जुलै ते जून मोजतात, अमेरिकी गहू जून ते मे, अमेरिकी मका सप्टेंबर ते ऑगस्ट, आपला गहू एप्रिल ते मार्च. आपल्या सरकारचं उत्पादन वर्ष जुलै ते जून. आपला रब्बी गहू नोव्हेंबरात पेरला, एप्रिलात कापला, अर्जेंटिना-ऑस्ट्रेलियाचा नोव्हेंबर-डिसेंबरात निघतो, रशिया-युरोपचा जुलै-ऑगस्टात. म्हणजे जगात कुठे ना कुठे दर दोन-तीन महिन्यांनी सुगी आहे. "साठा संपत आला" अशी बातमी वाचली की पुढची सुगी कोणाची आणि किती आठवड्यांवर, हे आधी बघा.

चौथी पायरी: साठ्याला वापराने भागा, मग चीन काढून पुन्हा भागा

सगळ्या वहीत एकच गुणोत्तर पाठ करायचं असेल तर हे: अखेरचा साठा भागिले वर्षाचा वापर. वर सांगितलेल्या एफएओच्या अंदाजात हा आकडा सुमारे 31 टक्के होता. त्याचा साधा अर्थ, नवं पीक येईपर्यंत जगाकडे साडेतीन-पावणेचार महिन्यांचं धान्य शिल्लक. कोठीवाल्या घराला हे लगेच उमगतं. मे महिन्यात कोठीच्या तळाशी चार महिन्यांचा गहू असेल तर कोण दुकानदाराच्या दारात उभं राहील?

पण ही कोठी एकाच्या घरात नाही. जगातल्या गव्हाच्या साठ्यापैकी जवळपास निम्मा चीनमध्ये आहे, मक्याचा तर निम्म्याहून बराच जास्त, तांदळाचाही निम्म्याच्या वर. चीन तो साठा विकत नाही. उलट दरवर्षी धान्य बाहेरून घेतो. म्हणजे बाजाराच्या दृष्टीने तो साठा शेजारच्या वाड्यातल्या कुलूपबंद खोलीत आहे: मोजता येतो, काढता येत नाही. म्हणून दुसऱ्या ओळीत चीन वगळून तोच भागाकार करा. अमिसच्या तक्त्यात हे आकडे तयारच मिळतात.

आणि खरी चाळणी तिसरी. मोठ्या निर्यातदारांकडे काय उरलं? गव्हात रशिया, युरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, अर्जेंटिना, युक्रेन आणि कझाकस्तान. यांचा अखेरचा साठा, भागिले यांचा घरचा वापर अधिक निर्यात. हा आकडा एफएओही देते. एकूण टक्केवारी स्थिर आहे आणि ही टक्केवारी दोन-तीन अंश घसरली, असं दिसलं की मी पेन्सिलीने गोल करतो. भाव हलतात ते इथून. जगाचं एकूण उत्पादन 300 कोटी टन असलं तरी सीमा ओलांडून विकलं जातं ते 50 कोटींच्या आत-बाहेर, म्हणजे सहातलं एक पोतं. भाव ठरवायला तेवढं एकच पोतं बाजारात असतं.

पाचवी पायरी: खाणारा कोण?

वापराच्या ओळीकडे सगळे दुर्लक्ष करतात, कारण ती दरवर्षी थोडी-थोडी वाढते आणि बातमी होत नाही. आत डोकावलं तर माणसांच्या ताटात जातं ते एकूण धान्याच्या चाळीस टक्क्यांच्या थोडं वर. एक-तृतीयांशाहून जास्त जनावरं आणि कोंबड्या खातात. उरलेलं इंधन, स्टार्च, बियाणं आणि नासाडी. अमेरिकेत मक्याच्या पिकाचा साधारण तिसरा हिस्सा इथेनॉलला जातो.

हे लांबचं वाटेल, पण दौंड-खेडकडच्या पोल्ट्रीवाल्याला विचारा. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं प्रमाण वाढलं, उसाच्या रसावर 2023 च्या डिसेंबरात बंधनं आली, आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. मका निर्यात करणाऱ्या देशाला 2024 मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आणावा लागला. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. मका चढला की अंडं चढतं, अंडं चढलं की खानावळीतली बुधवारची अंडाकरी पातळ होते. वहिनींच्या वहीत मक्याचं पान का आहे, असं मला एका गृहस्थांनी हसून विचारलं होतं. त्यांना मी हेच सांगितलं.

सहावी पायरी: तांदळाला गव्हाचे नियम लावू नका

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

गव्हाच्या जागतिक पिकाचा साधारण चौथा हिस्सा परदेशात विकला जातो. तांदळाचा दहावा. बाकीचा पिकतो तिथेच खाल्ला जातो. बाजार इतका उथळ की एक मोठा गडी बाजूला झाला की सगळं ढवळून निघतं. आणि तो मोठा गडी आपणच आहोत: जगाच्या तांदूळ-निर्यातीत भारताचा वाटा सुमारे 40 टक्के.

2008 चं उदाहरण घ्या. त्या वर्षी जगात तांदळाचं पीक पडलेलं नव्हतं. पण आधी भारताने, मग व्हिएतनामने निर्यात आवळली, फिलिपीन्ससारखे खरेदीदार घाबरून वाटेल त्या भावाला निविदा काढू लागले, आणि थायलंडचा तांदूळ टनाला 1,000 डॉलरच्या पार गेला. उत्पादनाची ओळ पाहून बसलेल्याला हे दिसलंच नसतं. त्याला ओळ हवी होती निर्यातीची.

2023 मध्ये त्याचीच धाकटी आवृत्ती झाली. 20 जुलैला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर 20 टक्के शुल्क बसवलं. त्याच महिन्यात एफएओचा तांदूळ निर्देशांक 15 वर्षांतल्या उच्चांकावर पोहोचला. तो ऑगस्ट आपल्याकडे 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, 36 टक्के तूट. मग 2024 च्या सप्टेंबरअखेर बंदी उठली, आधी टनाला 490 डॉलरची किमान किंमत ठेवून, पुढच्याच महिन्यात तीही काढून. भारतीय माल परत बाजारात आला आणि 2025 भर जगात तांदूळ घसरत गेला.

म्हणून तांदळाच्या पानावर मी समासात तीनच गोष्टी लिहितो: पाऊस, सरकारी गोदाम, निर्यातीचा नियम. पावसाचा अंदाज तर आपल्या गावातूनच निघतो. शिवाजीनगरचं हवामान खातं, ज्याला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून इकडे आलं, म्हणून. जगभरचे तांदळाचे दलाल एप्रिलमध्ये ज्या मान्सून-अंदाजाची वाट बघतात, तो ज्या चौकातून निघतो तिथे आपण रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घालत असतो.

सातवी पायरी: आकडा नको, आकड्यातला बदल हवा

अंदाज हा अंदाज असतो. प्रत्येक महिन्याचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहा, आधीचा खोडू नका. तीन महिने सलग कमी होत गेलेला आकडा, मग तो अजून विक्रमी का असेना, बाजाराला धोक्याची घंटा असते. माझ्या 2022 च्या पानावर आता हे सगळं ओळीने आहे: फेब्रुवारीत 11.13 कोटी, मेमध्ये 10.64, शेवटी 10.77. मी फक्त पहिला पाहिला होता.

त्या पानाच्या खाली आणखी एक ओळ आहे, आणि माझ्या मते ती या सगळ्यांपेक्षा बोलकी. सरकारी गहू-खरेदी 2021 मध्ये 433 लाख टन झाली होती, 2022 मध्ये 188 लाख. उत्पादनाचा अंदाज कागदावर पाचेक टक्क्यांनी हलला, पण खरेदी निम्म्याहून खाली कोसळली, कारण व्यापारी हमीभावापेक्षा जास्त देत होते. शेतकरी आणि व्यापारी काय समजून चुकलेत, ते खरेदीच्या आकड्यात एप्रिल-मेमध्येच उतरतं. अंदाज दुरुस्त व्हायला पुढे महिने जातात.

आठवी पायरी: दिल्लीच्या दारावरची पाटी

आता खरी मेख. 2024 मध्ये शिकागोचा गहू 2022 च्या शिखरापेक्षा निम्म्याहून खाली आला होता. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीत गहू क्विंटलला 3,000 च्या पार गेला. जग स्वस्त, आपण महाग. कारण मधे दार आहे आणि दाराची कडी सरकारच्या हातात. तेव्हा आयातीवर 40 टक्के शुल्क होतं आणि निर्यातीवर 2022 पासून बंदी. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं, आतलं बाहेर जात नव्हतं.

म्हणून गव्हासाठी जागतिक पान झालं की अन्न महामंडळाच्या गोदामातला साठा बघा. तो दरमहा जाहीर होतो. शेजारी किमान साठ्याचा नियम लिहा. गव्हासाठी 1 एप्रिलला 74.6 लाख टन, 1 जुलैला 275.8, 1 ऑक्टोबरला 205.2 आणि 1 जानेवारीला 138 लाख टन. 1 एप्रिल 2024 रोजी गोदामात जेमतेम 75 लाख टन होता, 16 वर्षांतला नीचांक, नियमाच्या रेषेला अगदी चिकटून. ज्याने हे दोन आकडे शेजारी लिहिले असते, त्याला त्या वर्षीची तेजी एप्रिलमध्येच दिसली असती. आमच्या वहीत ते होते, त्यामुळे त्या वर्षी वहिनींनी कोठी काठोकाठ भरली. 2022 ची परतफेड म्हणा.

तांदळात चित्र उलट. 2025 च्या मध्याला सरकारी तांदूळ नियमाच्या अडीच पटींहून जास्त होता. अशा वेळी निर्यातबंदीची भीती कोणी घातली तर हसून सोडून द्यायचं.

साठा रेषेजवळ आला की सरकारची हत्यारं ठरलेली आहेत: व्यापाऱ्यांवर साठामर्यादा, खुल्या बाजारात सरकारी गव्हाचे लिलाव, निर्यातबंदी आणि अगदी शेवटी शुल्ककपात. लिलाव मोठे आणि लवकर झाले तर भाव काही आठवडे बसतात. उशिरा झाले तर नुसती बातमी होते.

नववी पायरी: पडतळ काढा

बाहेरचा माल इथे कितीला पडेल हे पाहिल्याशिवाय जागतिक भावाला अर्थ नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत, पडतळ बसते का? शिकागोचा भाव सेंट प्रति बुशेल असतो. गव्हाचं बुशेल 27.2 किलोचं, म्हणजे टनाला 36.74 बुशेल. मक्याचं बुशेल 25.4 किलोचं, टनाला 39.37.

समजा शिकागो 550 सेंट, म्हणजे साडेपाच डॉलर. 36.74 ने गुणा: टनाला सुमारे 202 डॉलर. जहाजभाडं, विमा वगैरे धरून समजा 50 डॉलर, झाले 252. डॉलर 90 रुपयांना धरला तर 22,680 रुपये टन, क्विंटलला 2,268. आता त्यावर 40 टक्के शुल्क चढवा: 3,175 रुपये, आणि अजून माल बंदरातच आहे. पुण्यापर्यंतचं ट्रकभाडं आणि हमाली वेगळी.

या दोन आकड्यांमधल्या दरीत सगळं धोरण मावतं. 2026-27 च्या हंगामासाठी गव्हाचा हमीभाव 2,585 आहे. शुल्क काढलं तर आपल्या उदाहरणातला परदेशी गहू हमीभावाच्या खाली उतरतो, आणि पंजाब-हरियाणाचा शेतकरी रस्त्यावर येतो. शुल्क ठेवलं तर देशी भाव 3,200-3,300 होईपर्यंत बाहेरच्या मालाची भीती नाही. तेच तुमच्या भावाचं ढोबळ छत. डॉलर किंवा भाडं बदललं की छत हलतं, म्हणून दर दोन महिन्यांनी हा हिशेब नव्याने करा. शिकागोचा गहू मऊ जातीचा असतो आणि आपल्याकडे येईल तो बहुधा काळ्या समुद्राचा किंवा ऑस्ट्रेलियाचा, तेव्हा हा काटा सोन्याचा नाही, कोळशाचा समजा.

मक्यात शुल्काशिवाय आणखी एक कुंपण आहे. अमेरिकेचा बहुतेक मका जनुक-बदल केलेल्या बियाण्याचा, आणि तो खाद्य म्हणून आणायला आपल्याकडे परवानगी नाही. त्यामुळे शिकागोचा मका कितीही पडला तरी दौंडच्या कोंबडीला त्याचा उपयोग नाही.

दहावी पायरी: मार्केट यार्डात जाऊन विचारा

इतकं सगळं झाल्यावर गुलटेकडीला एक फेरी. संगणकावर राज्य पणन मंडळाचे रोजचे आवक-भाव मिळतात, मंडळाचं कार्यालयही तिथेच मार्केट यार्डात आहे. पण भुसार बाजारात गाळ्यावर उभं राहून कळतं ते तक्त्यात नसतं. आडत्याला "भाव काय?" हा प्रश्न कधीच विचारू नका, तो भाव सांगेल. "आवक कशी आहे, माल मध्य प्रदेशचा की गुजरातचा, गिरणीवाले उचलतात का?" असं विचारा. गिरण्या रोजच्यापुरताच माल घेत असतील तर त्यांना मंदी वाटतेय. महिन्याभराचा भरत असतील तर सावध व्हा. पुण्यात येणारा बराचसा गहू मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थानचा. इंदूर-उज्जैनची मार्चमधली आवक आपल्याला पंजाबपेक्षा आधी खबर देते.

एक गोष्ट जागतिक अहवालात शोधूच नका: ज्वारी. तिथे ती भरड धान्यात आहे, पण ती वेगळी ज्वारी. जगाच्या बाजारातली लाल-तपकिरी ज्वारी अमेरिका पिकवते, चीन घेतो, आणि जनावरांच्या खाद्यात नाहीतर बायज्यू नावाच्या दारूत घालतो. आपल्या मालदांडीचं नशीब ठरतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात किती ओल मुरली त्यावर. चीनने ज्वारी घेणं थांबवलं म्हणून भाकरी स्वस्त होईल असं सांगणारा एक लेख मी वाचलाय. लेखकाने भाकरी खाल्ली असेल, थापली नसावी.

तसंच शरबती, खपली, आंबेमोहर. हे माल आपापल्या तालावर चालतात. शरबतीच्या भावात चवीचा आणि नावाचा हिस्सा मोठा, जगाचा नगण्य. लोकवन आणि कोलमला मात्र वरचा सगळा हिशेब लागू पडतो. आणि खानावळीला तेच लागतात.

वहीतून निर्णय कसा निघतो

मी तीन प्रश्नांना हो-नाही लावतो. निर्यातदारांची टक्केवारी घसरतेय? अन्न महामंडळाचा साठा नियमाच्या रेषेजवळ आहे? सरकारी खरेदी मागच्या वर्षापेक्षा कमी चाललीय? तिन्ही 'नाही' असतील तर वर्षाचा माल भरून पैसे अडकवण्यात अर्थ नाही, दोन-दोन महिन्यांचा घ्या. पावसाळ्यातली कीड, एरंडेल चोळायची मजुरी, कोठीची जागा, हेही खर्चच. दुसरं किंवा तिसरं एकटं जरी 'हो' असेल तरी मी एप्रिल-मेमध्ये दिवाळीपर्यंतचा गहू घेऊन ठेवायला सांगतो. दोन्ही 'हो' असतील तर वर्षाचा. नुसतं पहिलंच 'हो' असेल तर दार बंद असेल तोवर गव्हासाठी काही करत नाही. पण बातम्यांवर नजर ठेवतो, कारण बंद दार उघडण्याची चर्चा अशाच वेळी सुरू होते.

तांदळाला एवढी धावपळ नको. नवा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत येतो, तेव्हा घ्या आणि जुना होऊ द्या. भातही मोकळा होतो.

वही आता वहिनींकडेच असते. दहा तारखेच्या रात्री, भांडी आवरून झाली की, त्या मला फोन करतात आणि आकडे उतरवून घेतात. गेल्या खेपेला मी रशियाचं पीक सांगायला लागलो तर मधेच म्हणाल्या, "ते राहू द्या भाऊजी, आधी गोदामाचा आकडा सांगा."